भीड भिकेची बहीण

म्हणीत इतकं स्वच्छ सांगून ठेवलंय, तरी तुमच्यात काही सुधारणा नाही. लोकलमध्ये दुसऱ्याचा पाय तुमच्या पायावर पडला तर सॉरी तुम्हीच म्हणता. रांगेत पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून उभे राहता. मग त्या हातभर जागेत एक काकू येऊन उभ्या राहतात आणि तुम्ही घसा खाकरता. नुसता खाकरता. काकू मागे वळून म्हणतात, ‘आलं-मध घ्या.’ असं किती दिवस चालायचं?

मी आयुष्यभर भीड बाळगली. कमाई काय, तर लोकलमधली चौथी सीट. बाक तिघांचा असतो, चौथ्याने ‘जरा सरकून घ्या’ म्हणून टेकायचं असतं. पहिले तिघे सरकल्याचा अभिनय करतात आणि चौथ्याचा एक पाय बाकावर, बाकीचा माणूस वाटेवर, असा डोंबिवली ते मुंबई प्रवास होतो. चौथ्या सीटवर बसून समोरच्या खिडकीतल्या माणसाचं निरीक्षण करायला मात्र भरपूर वेळ मिळतो. त्या निरीक्षणातून हाती लागलेलं ज्ञान तुम्हाला फुकट देतोय. निदान तुमचं तरी भलं होवो.

पहिली गोष्ट, इअरफोन फेकून द्या. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली तेव्हा २१ तोफांची सलामी झाली होती. पुढे सरकारने हा खर्च बंद केला. ती परंपरा आता प्रवाशांनीच स्वखर्चाने, आपापल्या डेटा पॅकवर चालवायची आहे. मोबाइलवर रील लावा आणि चार सेकंदांत पुढची लावा. विनोद रंगात आला, समोरच्याचा कान टवकारला, की लगेच बदला. शेवट त्याला कळता कामा नये. एखादी तुम्हाला फारच आवडली तर तीच सोळा वेळा लावा. सोळाव्या वेळीही पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसा.

फोन आला तर तो कानाला लावायचा नाही. भाजलेला पापड धरतात तसा तोंडासमोर आडवा धरायचा आणि स्पीकर चालू करायचा. नाहीतर डब्याला एकच बाजू ऐकू येते, आणि एकच बाजू ऐकून मत बनवणं अन्यायाचं आहे. मागच्या महिन्यात ठाणे ते घाटकोपर एवढ्या अंतरात मला एका अनोळखी गृहस्थाच्या मेहुण्याचा हर्निया, गावच्या जमिनीची वाटणी आणि एक ओटीपी समजला. ओटीपी त्यांनी दोनदा सांगितला, कारण पलीकडच्याला पहिल्यांदा ऐकू आला नव्हता. आम्हाला आला होता. माझ्या शेजारच्याने तर तो चुकतोय असं वाटून तिसऱ्यांदा मोठ्याने सांगितलासुद्धा.

दाराबद्दल थोडक्यात. तुम्हाला शेवटपर्यंत जायचं असलं तरी दारातच उभं राहायचं. ‘घाटकोपर उतरणार का?’ असं कुणी विचारलं तर त्याच्याकडे असं बघायचं, जणू त्याने तुमच्याकडे किडनी मागितली आहे.

आता भाषेकडे येऊ. इथे मला जरा बसून बोलावं लागेल.

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच आहे. पण अभिजात वस्तूचं आपण काय करतो? आजीची पैठणी मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवतो आणि वर्षातून एकदा ऊन दाखवतो. मराठीला ऊन दाखवायचा दिवस २७ फेब्रुवारी. त्या दिवशी ‘मराठी राजभाषा दिनाच्या शुभेच्छा’ असं न चुकता पाठवा. तो मराठी भाषा गौरव दिन असतो, राजभाषा दिन १ मे रोजी येतो, असं कुणी कळवलं तर त्याला अंगठा दाखवा. एरवी रोजच्या वापराला हिंदी आहेच.

आणि ती कशी वापरावी? परवा दादरच्या भाजीबाजारात एक बाई माझ्यापुढे उभ्या होत्या. ‘भैया, ये कोथिंबीर का जुडी कैसा दिया?’ भाजीवाला म्हणाला, ‘बीस का एक, ताई.’ ‘इतना महाग? और आतमधून सडा हुआ नहीं चाहिये हां. मागच्या टाइम को सब पिवळा निकला.’ ‘नहीं ताई, एकदम ताजा है, सकाळीच उतरवला.’ हे पाच मिनिटं चाललं. शेवटी भाजीवाला मागे वळून पोराला ओरडला, ‘ए, ताईंना सुट्टे दे रे, आणि कढीपत्ता टाक मूठभर.’ बाईंनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, ‘थँक्यू भैया.’ दोघांच्या चेहऱ्यावर परराज्यातल्या माणसाशी नीट निभावून नेल्याचं समाधान होतं.

मराठी बोलायची वेळ आलीच, तर ती हिंदीतून आणा. ‘माझी मदत कर’ म्हणा. मराठीत मदत ‘मला’ करतात, ‘माझी’ करतात ती फजिती. पण हल्ली दोन्हींत फारसा फरक उरलेला नसल्यामुळे चालून जाईल. ‘मी म्हणालो’ हे तर बंदच करा, ‘मी बोललो’ म्हणा. या दोन क्रियापदांतला फरक लग्न झालेल्या माणसाला समजावावा लागत नाही. भांडण झालं की नवरा-बायको एकमेकांशी चार चार दिवस बोलत नाहीत, पण ‘पान वाढलंय’ असं भिंतीकडे बघून म्हणतात. आता म्हणणंच गेलं, तर त्या चार दिवसांत जेवायचं कसं, हा प्रश्न मी भाषातज्ज्ञांवर सोडतो.

‘पाणी भेटेल का?’ हे मात्र सांभाळून. पुण्या-मुंबईत हे ऐकलं की माझ्या कपाळावर आठी पडते. पाणी काय ओळखीचं आहे भेटायला? पण आमचे साडू नागपूरचे. त्यांच्याकडे ते असंच भेटतं, त्यांच्या आजीच्या काळापासून भेटत आलंय, आणि तिथे आठी पाडायचा मला काडीचाही अधिकार नाही. एकदा पाडली होती. साडू म्हणाले, ‘पानी भेटून राह्यलं न तुमाले? मंग पिऊन घ्या न.’ प्यायलो. गोड होतं.

तेव्हा दुसऱ्याची भाषा सुधारण्याच्या फंदात पडायचं की नाही? पडायचं. जरूर पडायचं. त्यासारखा माणसं तोडण्याचा खात्रीचा उपाय नाही, आणि भीड घालवायची तर माणसं तुटलेली बरी. यात माझा हात कुणी धरणार नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेल्याची बातमी आली. खाली एकापाठोपाठ एक बेचाळीस ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. मला राहवेना. मी लिहिलं की ‘भावपूर्ण’मधला पू दीर्घ आहे, आणि ‘श्रद्धा’मध्ये आधी द येतो, मग ध. शुद्धलेखनाचे नियम १९६२पासून लागू आहेत, असंही वर जोडलं. दोन मिनिटं ग्रुपवर शांतता. शोकसभेतही एवढी पाळत नाहीत. मग कुणीतरी माझ्याच संदेशाला हात जोडले, बहुधा न वाचता. आणि त्रेचाळिसावी ‘श्रध्दांजली’ आली. बायकोने तेवढंच सांगितलं, ‘तू गेलास ना, की मी मुद्दाम ऱ्हस्व पु घालणार आहे.’

(आजोबा स्वतः शाळेत मराठी शिकवायचे. त्यांनी माझी बाजू घेतली असती. पण ते ग्रुपवर नव्हते.)

नाटकाला जाता ना? जायलाच हवं, मराठी माणूस आहात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून प्रेक्षकाकडे सांगण्यासारखं एकच काम आहे: वेळेवर येऊन गप्प बसणं. तेवढं सोडून बाकी सगळं करा. तिसरी घंटा ही निघायची खूण समजा. अंधारात मोबाइलच्या उजेडात रांग शोधा. आधी स्वतःच्या तिकिटावर, मग बसलेल्यांच्या तोंडावर टॉर्च मारा. तुमची खुर्ची नेहमी मधलीच असते, त्यामुळे अकरा जण उभे राहतात. हा मान नटालासुद्धा शेवटच्या पडद्याला मिळतो, तोही मिळेलच असं नाही.

सुरुवातीला ‘कृपया आपले भ्रमणध्वनी बंद ठेवावेत’ अशी विनंती होते. तुमच्याकडे मोबाइल आहे, भ्रमणध्वनी नाही, तेव्हा ती तुम्हाला लागू नाही. नायिका आईच्या मृत्यूची बातमी ऐकून खुर्चीत बसते, प्रेक्षागृह श्वास रोखून धरतं, त्या क्षणी तुमच्या खिशात ढोल-ताशा वाजला पाहिजे. वाजला की घाई करायची नाही. पर्समध्ये असेल तर उत्तमच, कारण पर्स उघडल्यावर आवाज वाढतो. नाव बघा. चष्मा नसेल तर शेजारच्याला बघायला सांगा. मग फोन उचला, हाताचा पंजा तोंडाशी धरा, म्हणजे आवाज फक्त पुढच्या सहा रांगांत जाईल, आणि म्हणा, ‘नाटकात आहे, नंतर करतो.’ इथे भिडस्त माणूस फोन ठेवतो. तुम्ही ठेवू नका. ‘हो, चांगलं आहे. रडकं आहे जरा. नाही नाही, पार्किंग मिळालं. मध्यंतरात वडा खाणार ना, मग घरी काही करू नकोस.’ नट थांबून तुमच्याकडे बघायला लागला तर ओशाळू नका. तिकीट काढलंय तुम्ही, त्याने नाही.

हॉर्नबद्दल काय सांगायचं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि इस्पितळाभोवतीचा निदान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. म्हणजे इस्पितळ आलं हे ओळखायची सोपी खूण अशी, की तिथे सगळे जोरात हॉर्न वाजवत असतात. सिग्नल लाल असतानाच वाजवायला सुरुवात करा, तुमच्या आवाजाने तो हिरवा होतो असं निदान मागच्याला वाटेल.

एवढं जमलं की घरी जाण्याच्या लायकीचे झालात. दुसऱ्याच्या घरी. फोन करून जाऊ नका. ‘इकडूनच चाललो होतो’ म्हणत दार वाजवा, भले ते घर गल्लीच्या टोकाला असो आणि पुढे नाला असो. आत गेल्यावर यजमानीण बाईंना म्हणा, ‘तब्येत छान सुधारली हो!’ त्यांचा चेहरा पडला तर समजायचं की त्यांना मराठी उत्तम कळतं. मुलाला पॅकेज विचारा. आकडा सांगितला तर आपल्या पुतण्याचा सांगा, तो नेहमी मोठा असतो. मुलीला ‘यंदा कर्तव्य आहे का?’ आणि लग्न झालेलीला ‘मग, काही गोड बातमी?’ असं विचारा. चहा नको म्हणा, मग अर्धा कप म्हणा, मग अर्ध्या कपात साखर कमी आहे म्हणा.

बरं, निघतो मी आता. बराच वेळ घेतला तुमचा.

म्हणजे निघायचं कसं, तेही सांगून टाकतो. ‘निघतो’ म्हणाल्यावर पाऊण तास बसायचं असतं. मग ‘चला’ म्हणून गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि जुन्या वाड्याचा विषय काढायचा. उठायचं ते सीरियलचा महत्त्वाचा भाग लागला की. खरा मुक्काम दारात. एक चप्पल घालायची, दुसरी हातात घ्यायची. आत बसून जे बोलायचं टाळलं, ते सगळं आता चौकटीत उभं राहून काढायचं, कारण यजमान उभा असतो आणि उभ्या माणसाला जांभई देता येत नाही. कुत्रा असेल तर तो बाहेर पळतो, डास आत येतात, कुकरची शिट्टी होते. होऊ द्या.

चला, येतो. हां, एक राहिलंच. लग्नाच्या जेवणात जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या ताटात किती भात उरलाय ते बघत राहायचं, त्याने मठ्ठा मागितला की उसासा टाकायचा.

आणि उसने नेलेलं छत्री-पुस्तक परत करायचं नाही, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावरून आठवलं, तुमची ती शिडी आमच्याकडेच आहे. दिवाळीनंतर बघू.

काकूंना सांगा, पोहे झकास होते. मीठ थोडं.

अहो, लिफ्टचं दार जरा धरून ठेवता का? पायरीवरच आठवलं बघा...