एका गाडीत किती ग्रॅज्युएशन?

आमच्या घरात विजेवर चालणारी गाडी आली त्या दिवसापासून रुपया हे चलन केवळ बाहेरच्या व्यवहारांपुरते उरले असून, घरातले सगळे हिशेब मी किलोमीटरमध्ये करतो. ही सवय मला नेमकी केव्हा जडली हे सांगता येणार नाही. पण एकदा उडप्याकडे बसलेला असताना 'हा डोसा 50 किलोमीटरला पडला' असे मी मोठ्याने म्हणालो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आपली खुर्ची हलकेच पलीकडे सरकवली होती, एवढे मला पक्के आठवते. हिशेब तसा सोपा आहे. आमच्या गाडीची बॅटरी 30 युनिटांची आहे. कंपनीच्या रंगीत पत्रकात ती कितीही धावत असो, पुण्याच्या रस्त्यांवर, एसी लावून आणि दर चौकात थांबून ती 200 किलोमीटर धावते. घरच्या विजेचा दर युनिटला 12 रुपये धरला, तर 360 रुपयांत 200 किलोमीटर होतात, म्हणजे किलोमीटरला 1 रुपया 80 पैसे.

या पार्श्वभूमीवर, आमचे चिरंजीव सीनियर केजी उत्तीर्ण होत असल्याबद्दल (केजीत कोणी अनुत्तीर्ण झाल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही) त्यांचा 'ग्रॅज्युएशन डे' साजरा होणार असून त्यासाठी 2,800 रुपये भरावेत, असा निरोप शाळेकडून आला. त्यात भाड्याचा गाऊन, चौकोनी टोपी, लाल फितीने बांधलेली गुंडाळी, एक फोटो आणि अल्पोपाहाराचे खोके यांचा समावेश होता.

"म्हणजे 1,555 किलोमीटर!" मी ओरडलो. "एवढ्यात पुण्याहून नागपूरला जाऊन परत येता येईल."

"नागपूरला आपले कोण आहे?" बायकोने शांतपणे विचारले.

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा मी मुद्द्यावर आलो आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला गाऊन घालून पदवीधर म्हणणे ही कशी शुद्ध उधळपट्टी आहे, हे तिला समजावून सांगू लागलो. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले ते 1862 साली, आणि तेव्हा रानड्यांचे वय वीस वर्षांचे होते, ही माहितीही मी दिली. "मग आपला मुलगा रानड्यांच्या पुढे गेला म्हणायचा," असे म्हणून तिने पैसे भरून टाकले आणि पावती मला पाठवली.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण माझ्या किलोमीटरांना कंटाळलेल्या बायकोने त्याच संध्याकाळी स्वतःचे एक नवे चलन काढले. आमची गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा चार लाखांनी महाग पडली होती. तिने मोबाइलवर भागाकार केला आणि जाहीर केले, "तुझ्या हौसेपायी आपण 142 ग्रॅज्युएशन जास्तीची भरली आहेत. पोराने रोज एक पदवी घेतली तरी साडेचार महिने पुरतील."

येथे अप्पांचा प्रवेश होतो. माझे वडील बँकेतून निवृत्त झाले असून त्यांनी आमच्या गाडीसाठी दोनशे पानी वही घातली आहे. गाडी माझी, हप्ते माझे, वही मात्र त्यांची. गाडी आणि ग्रॅज्युएशन या दोन्ही बाबींतली त्यांची भूमिका निःपक्षपाती आहे, म्हणजे त्यांचा दोहोंनाही सारखाच विरोध आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईने लिहिले आहे की, विजेच्या गाडीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट मिळत असे, परंतु त्यासाठी कर्ज 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेले असावे लागे. आमचे कर्ज त्यानंतरचे आहे. "तू दहावीचा फॉर्मसुद्धा लेट फी लावून भरला होतास," असे ते यासंदर्भात म्हणतात, आणि दहावीचा माझा फॉर्म हा या गाडीच्या खर्चाचा कायमचा भाग होऊन बसला आहे.

गाडीच्या बाजूने बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते असे मुळीच नाही. विजेच्या गाडीवर 5 टक्केच जीएसटी असतो, राज्य सरकारने रस्ता कर माफ केलेला आहे, तेल बदलायला नको, क्लच घासायला नको. पेट्रोल लीटरला 100 रुपयांच्या वर गेलेले असताना शहरात 15 किलोमीटर देणारी गाडी किलोमीटरला सात रुपये खाते. माझी 1 रुपया 80 पैसे खाते. म्हणजे दर किलोमीटरला पाच रुपयांची बचत. अप्पांनी हे सगळे ऐकून घेतले आणि वहीत आडवी रेघ मारली. "चार लाख भागिले पाच म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर. तू वर्षाला फिरतोस आठ हजार. वसुलीला दहा वर्षे लागणार. बॅटरीची हमी किती वर्षांची आहे?"

"आठ," मी म्हणालो.

अप्पांनी पेनाला टोपण लावले. बँकेत कर्ज नामंजूर करताना ते असेच टोपण लावत असणार.

यावर उपाय एकच होता. जितके जास्त फिरू तितकी जास्त बचत होणार असल्यामुळे मी फिरण्याचा सपाटा लावला. कोथिंबीर आणायला मी मंडईपर्यंत गाडी नेऊ लागलो आणि दहा रुपयांच्या जुडीपायी तीस रुपये वाचवून येऊ लागलो. मंडईतल्या पार्किंगचे पैसे मी या हिशेबात धरीत नसे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या गाड्यांना टोलमाफी मिळाली, तेव्हा तर मी पुढच्याच रविवारी सर्वांना मुंबईला नेले. मुंबईत काम काय आहे, असे बायकोने विचारले. "टोल वाचवायचा आहे," मी सांगितले. जाता-येता 320 प्रमाणे 640 रुपये वाचले. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेकच्या जोरावर बॅटरी उलट भरली जाते, हे तिला दाखवण्यासाठी मी गाडी हळूहळू उतरवली, आणि घाटाच्या पायथ्याशी आकडा दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला, तेव्हा मला झालेला आनंद कोणत्याही पदवीधराला लाजवील असा होता. चार्जिंगची वाट पाहताना आम्ही चौघांनी वडे, सरबत आणि चिक्की मिळून 710 रुपये खर्च केले, ही नोंद अप्पांच्या वहीत 'टोलमाफी' या शीर्षकाखाली आहे.

परंतु मूळ विषय ग्रॅज्युएशनचा होता आणि त्या आघाडीवर अप्पांनी गाडीइतकाच अभ्यास केला होता. एके दिवशी जेवताना त्यांनी सुनेला सांगितले, "मेघना, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पायाभूत स्तर तीन ते आठ वर्षांपर्यंतचा आहे. बालवाडीची तीन वर्षे आणि वर पहिली, दुसरी. तेव्हा याचा स्तर मुळात संपलेलाच नाही. अजून दोन वर्षे बाकी असताना पदवी देणे नियमात बसत नाही."

"अप्पा, मग दुसरीनंतर पुन्हा करू," मेघना म्हणाली. मी पटकन 3,110 किलोमीटर असा आकडा मांडला.

अप्पांनी मग राखीव अस्त्र काढले. 2010 साली भोपाळच्या भारतीय वनव्यवस्थापन संस्थेत तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भर पदवीदान समारंभात अंगावरचा गाऊन उतरवून ठेवला होता आणि ही वसाहतकाळातली रानटी प्रथा असल्याचे म्हटले होते. अप्पांनी हा प्रसंग अशा आवेशात सांगितला, की ते स्वतः तिथे गाऊन धरायला उभे होते असे वाटावे. मेघनाने ताटात भात वाढून घेतला.

"उतरवला म्हणजे आधी घातला होता ना, अप्पा? मग आपल्यालाही आधी घालू दे."

या वाक्यानंतर आमच्या घरात पदवीदानाविषयीची चर्चा कायमची बंद झाली.

समारंभाच्या दिवशी सकाळी गाडीत 11 टक्के चार्ज होता. आदल्या रात्री मी पार्किंगमधल्या सॉकेटमध्ये प्लग घातला होता, हिरवा दिवाही पाहिला होता. मात्र पहाटे पाण्याची मोटर सुरू करताना कोणी तरी भलतेच बटण बंद केले असावे. सभागृह नऊ किलोमीटरवर होते. 11 टक्के म्हणजे 22 किलोमीटर, जाऊन येऊन लागणार 18, शिल्लक चार. हा हिशेब मी छातीठोकपणे मांडला आणि एसी बंद केला. मार्चअखेरचे ऊन, बंद एसी, मागच्या सीटवर घरूनच काळा गाऊन चढवून बसलेले चिरंजीव आणि त्यांच्या शेजारी अप्पा, जे दर दोन मिनिटांनी आकाशवाणीवरचे बाजारभाव वाचावेत तशा आवाजात "दहा टक्के... दहा... नऊ टक्के" असे वाचत होते.

"पेट्रोलच्या गाडीत एसी लावता येतो, असे मी ऐकले आहे," मेघना खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

तो गाऊन मी त्या दिवशी प्रथमच जवळून पाहिला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, खालची पट्टी चार टाचण्यांनी वर घेतलेली होती आणि कॉलरच्या आत बॉलपेनने पाच निरनिराळ्या मुलांची नावे लिहून खोडलेली होती. टोपीचा आकार गवंडी ज्या फळीवर कालवलेला माल घेतो तिच्यासारखा असल्यामुळे इंग्रजीत तिला त्या फळीचेच नाव पडले आहे. आमच्या पदवीधरांची टोपी मात्र फळीपेक्षा परातीच्या मापाची होती. तिच्याखाली त्यांचे फक्त नाक आणि गेल्याच आठवड्यात पडलेल्या दाताची खिडकी दिसत होती.

सभागृहात पालकांची गर्दी होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या मोबाइलचे चित्रीकरण करत होता. तीन नृत्ये आणि तीन भाषणे झाली. त्यांतल्या एका भाषणात 'उद्याचे नेते' हे शब्द सात वेळा आले, ते अप्पांनी बोटांवर मोजले. मग नाव पुकारले गेले. चिरंजीव व्यासपीठावर गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे केला, त्याबरोबर अख्खी टोपीच फिरली आणि ते पूर्ण दिसेनासे झाले. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी वर उचलली, गर्दीत आम्हाला शोधले आणि हातातल्या गुंडाळीतून दुर्बिणीसारखे आमच्याकडे पाहिले.

माझ्या डोळ्यांत काही तरी गेले. एसी बंद ठेवून खिडक्या उघड्या टाकल्या की धूळ जातेच. शेजारी पाहतो तर अप्पा खुर्चीवरून उठून उभे होते, आणि मागच्या रांगेतून "आजोबा, बसा हो खाली" अशा हाका येत असूनही बसायला तयार नव्हते.

परतीच्या प्रवासात गाडी दोन टक्क्यांवर घरी पोहोचली. शेवटच्या चढावर अप्पांनी आकडे वाचणे थांबवले होते, त्यावरून परिस्थितीचे गांभीर्य ध्यानात यावे. गाऊन तिथेच परत करायचा होता. तो काढताना पदवीधर रडले, आणि अल्पोपाहाराच्या खोक्यातला सामोसा मिळाल्यावर थांबले.

चार दिवसांनी वीजबिल आले. आमचे घर महिन्याला 220 युनिट वापरते, गाडी 110. दोन्ही मिळून 300 चा टप्पा ओलांडला जातो आणि वरच्या 30 युनिटांना चढा दर लागतो. या तीस युनिटांचे पाप घराच्या माथी मारावे की गाडीच्या, यावर वाद होणार हे उघड होते, म्हणून मी आधीच तयारीत राहावे या हेतूने अप्पा फिरायला गेले असताना त्यांची वही उघडली. शेवटच्या पानावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात समारंभाच्या तारखेची एक नोंद होती: 'गाडी. इंजिन ऑइल बदलले. रु. 450.'

आमच्या गाडीला इंजिन नाही. अप्पांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर मात्र, चष्म्याच्या घरामागे, सोनेरी चौकटीतला एक फोटो उभा होता. चौकटीच्या मागच्या बाजूला छायाचित्रकाराचा शिक्का आणि 'जादा प्रत, 450' असे पेन्सिलीने लिहिलेले होते.

अडीचशे किलोमीटर, मी मनातल्या मनात म्हणालो, आणि वही होती तशी ठेवून दिली.