‘सनद म्हणजे शोभेची पाटी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सरकारी कार्यालयातली नागरिकांची सनद म्हणजे शोभेची पाटी. तिला कायद्याचा आधार नाही. मुदत उलटली तरी कुणाचं काही वाकडं होत नाही. तक्रार केलीत तर फाईल अडकेल, त्यापेक्षा एजंट धरा.’ (सनद म्हणजे कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, हे सांगणारा कार्यालयाचा जाहीर तक्ता.) असलं वाचून माणसं हक्कावर पाणी सोडतात, म्हणून हे उत्तर.

कायद्याचा आधार आहे, आणि एक नव्हे, दोन कायद्यांचा. 2005 च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्याने शासकीय कार्यालयांना सनद प्रसिद्ध करणं बंधनकारक केलं. पुढे 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवा मुदतीत मिळणं हा हक्कच केला. तहसील कार्यालयाच्या उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस आहेत.

मुदत उलटली, तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढायलाच हवी. पण ‘काहीच होत नाही’ हे धादांत खोटं.

खरी गोम वेगळीच आहे. आमच्या शेजारच्या काकूंना ठाण्यातल्या एका खिडकीवरून अर्ज न घेताच परत पाठवलं: ‘रेशनकार्डाची झेरॉक्स पुसट आहे, सोमवारी या.’ कुठे नोंद नाही, पोच नाही. आणि मुदत मोजतात ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून! अशा तोंडी नकारांत आठवडे जातात आणि कागदावर उशीर शून्य दिसतो. कायद्याने नकार लेखी द्यावा लागतो, कारणासह, आणि अपील कुणाकडे करायचं तेही कळवावं लागतं. म्हणून अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर भरा, नाहीतर खिडकीवर पोच मिळेपर्यंत हलू नका.

फाईल अडकण्याची भीती मला समजते, कॉलेजच्या ॲडमिशनच्या दिवसांत तर फारच. पण अपील वरिष्ठासमोर जातं, खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर राहत नाही.

राहिला एजंट. त्याच्या हाती कागद दिले की बहुतेकदा पोचही त्याच्याच खिशात जाते, आणि अपील करायची वेळ आली की अर्जाचा नंबर विचारायला पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागतं.