मोगऱ्याची निर्जळी

२६ जानेवारीच्या आसपास एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन असतं आणि तिथून परत आलेल्या माणसाच्या हाती पुढचे काही दिवस कुठलंही धारदार हत्यार देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, यात मी स्वतःलाही धरते. यंदा मी तिथून नवंकोरं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेटर घालून, टोपी घालून गच्चीवर हजर. नऊ वाजता स्वेटर कठड्यावर, दहा वाजता टोपी, अकराला मी स्वतः जिन्याच्या सावलीत. पुण्यात फेब्रुवारीच्या तोंडावर हे असंच.

बरं कामं खरंच असतात हो, नवऱ्याला वाटतं मी उगाच वर जाऊन बसते. शेवंती फुलून संपलेली असते, तिचे वाळके दांडे कापून बुडाशी आलेल्या काश्या, म्हणजे मुळाशी फुटलेली नवी पिल्लं, जपायच्या. जास्वंदीच्या शेंड्यांना पिठ्या ढेकूण कापूस लावल्यासारखा चिकटलेला असतो, त्याला लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा पातळ साबण, आणि फवारायचं संध्याकाळी, भर उन्हात नाही. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात होऊन गेलेली असते, त्यामुळे आत्ता फक्त सुकलेली फुलं खुडायची. यूट्यूबवरचे परदेशातले लोक या दिवसांत गुलाब पार बुंध्यापर्यंत कापतात पण त्यांच्याकडे बाहेर बर्फ असतो, आपल्याकडे दुपारी ३२ डिग्री, तेव्हा ते व्हिडिओ बघावेत आणि गप्प बसावं.

पण खरी कसोटी मोगऱ्याची.

मोगऱ्याचं असं आहे की त्याला फूल येतं ते नव्या फुटव्यावर. जुन्या काटक्या तशाच ठेवल्या तर झाड नुसतं हिरवंगार दिसतं आणि गजऱ्याला मंडईत जावं लागतं. म्हणून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला छाटायचं, उरलेली पानं हाताने काढायची, वरची माती खुरप्याने मोकळी करायची, आणि मग पाणी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. डाळिंबवाले आंबे बहारासाठी, म्हणजे या दिवसांतल्या फुलोऱ्यासाठी, हेच करतात, फक्त त्यांच्या बागेत सासूबाई नसतात. कुंडीतल्या झाडाला आठ-दहा दिवस पुरे, मग शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि पोटभर पाणी, की फुटवे आलेच.

छाटणी करून मी खाली आले आणि आई, म्हणजे सासूबाई, वर गेल्या. परत आल्या त्या चेहरा पाडूनच.

"अगं, काय केलंस हे? मुंज झाल्यासारखं दिसतंय ते."

मी म्हटलं, "आई, आता आठ-दहा दिवस त्याला पाणी नाही घालायचं. उपास आहे समजा."

"उपासाला पाणी चालतं," त्या म्हणाल्या.

यावर काय बोलणार. ज्या बाईने आयुष्यभर एकादशी केली तिला उपासाचे नियम मी सांगायचे म्हणजे. मी आपलं म्हटलं निर्जळी आहे, तर म्हणाल्या निर्जळी ज्येष्ठात असते, माघात कुठली. आणि वर, "गुरुवारी नळाला पाणी नसतं तर तुम्हा सगळ्यांचे चेहरे बघावेत, ते तर बिचारं मुकं."

दुसऱ्या दिवशी कुंडी ओली. आईंना विचारलं तर म्हणाल्या दव पडलं असेल. शेजारच्या जास्वंदीची माती ठणठणीत कोरडी, म्हणजे दव फक्त मोगऱ्याच्या कुंडीत पडलं आणि तेही तळातून बशीत उतरेपर्यंत. मग मी कुंडीला पुठ्ठा बांधला, 'पाणी घालू नये', चांगल्या ठळक अक्षरात. तर कुंडी पुन्हा ओली. "चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही गं." रोजचा पेपर मात्र राशिभविष्यासकट वाचून होतो. मग मी झारी लपवली. मग तांदूळ धुतलेलं पाणी वर जायला लागलं, कारण ते पाणी नव्हेच म्हणे, ते खत.

या सगळ्यात माझ्या बाजूने उभा राहिलेला एकच माणूस म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका. त्यांच्या बेडरूमच्या छताला ओल आहे आणि ती माझ्या कुंड्यांमुळेच आहे असं ते सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात, तर कुंडीला पाणी बंद केलंय ऐकून ते खास वर आले, म्हणाले "उत्तम निर्णय, कायमचाच ठेवा." ताण ही संकल्पना त्यांना जितकी पटली तितकी कृषी महाविद्यालयातसुद्धा कुणाला पटली नसेल.

शेवटी तडजोड म्हणून कुंडीच उचलून पाण्याच्या टाकीमागे नेली, जिथे आईंचे गुडघे जात नाहीत. तिथे मोगऱ्याला एकदाचा ताण बसला, मग पुढे आणून रीतसर खत-पाणी केलं, आणि काही दिवसांनी काड्यांना पोपटी फुटवे आले, अगदी दाट. मी नवऱ्याला दाखवायला वर बोलावलं तर तो म्हणाला, "हे आधी पण असंच होतं ना?" याला उत्तर नाही.

आई मात्र फोनवर भजनी मंडळाला सांगत होत्या, "हिने तर मारायलाच घेतलं होतं, मी गुपचूप पाणी घातलं म्हणून जगलं."

मी काही बोलले नाही. मे महिन्यात आम्ही दोघं पंधरा दिवस बाहेर जाणारोत आणि तेव्हा उन्हात गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांना पाणी घालायला घरात त्याच असणारेत.