किर्कपिनारची तेलकुस्ती: फिरत्या मजकुराला उत्तर

तुर्कीतील एदिर्ने शहरात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या किर्कपिनार कुस्ती महोत्सवाच्या चित्रफितीसोबत एक मजकूर सर्वत्र फिरतो आहे. ही कुस्ती पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे, अंगाला तेल असल्याने डावपेचांना वाव नाही, एक जण कोसळेपर्यंत ती चालते आणि साडेसहाशे वर्षे ती त्याच मैदानावर अखंड सुरू आहे, असा त्याचा सारांश. हिणवणे आणि गौरव एकाच दमात आले आहेत, आणि दोन्ही फसले आहेत.

आधी तेलाचे पाहू. आपल्याकडे तांबडी माती अंगावर टाकतात ती पकड बसावी म्हणून. तिथे ऑलिव्हचे तेल ओततात ते पकड सुटावी म्हणून. मनगट आणि मान यांवर हात ठरत नाही, त्यामुळे सारी झुंज ‘किस्पेत’ या म्हशीच्या कातड्याच्या, गुडघ्याखाली दोरीने आवळलेल्या तंग विजारीवर येऊन ठेपते. तिचा कमरेचा पट्टा आणि खालची कड हीच काय ती धरायची ठिकाणे. पाहणाऱ्यांना ज्याचे हसू येते तो विजारीत घातलेला हात म्हणजे वावगी लगट नव्हे, तर या कुस्तीतील मान्य पकड आहे. विशेष म्हणजे लढतीपूर्वी प्रतिस्पर्धीच एकमेकांच्या पाठीला तेल लावून देतात.

निकालाचे नियमही स्पष्ट आहेत. प्रतिस्पर्ध्याचे पोट आकाशाकडे झाले, किंवा त्याला उचलून तीन पावले नेले, की कुस्ती संपली. आपल्या ‘आस्मान दाखवणे’ या वाक्प्रचाराचा इतका शब्दशः अर्थ क्वचितच कुठे दिसेल. एके काळी वेळेचे बंधन नव्हते, एवढे त्या मजकुरात खरे आहे. पण 1975 पासून सर्वोच्च गटासाठी 40 मिनिटे ठरली असून तेवढ्यात निकाल न लागल्यास पुढील 15 मिनिटे गुणांवर खेळतात.

पर्यटक येतात, हे कोण नाकारील? पण देखाव्यात उत्तेजक चाचणी होत नाही. इथे तिच्यात दोषी ठरलेल्यांची विजेतेपदे काढून घेतली गेली आहेत. सर्वोच्च गटाच्या विजेत्याला दिला जाणारा सोन्याचा पट्टाही सलग तीन वर्षे जिंकल्याखेरीज कायमचा मिळत नाही. दावुल-झुर्ना या ढोल-सनईच्या तालावर जोड्या पुकारणारा ‘जाझगिर’ ज्यांची नावे घेतो ते ‘पेहलिवान’; आपला ‘पैलवान’ आणि हा शब्द एकाच फारसी मुळाचे आहेत.

उरला अखंडतेचा दावा. युनेस्कोने 2010 मध्ये या महोत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, पण म्हणून मैदान बदललेच नाही असे होत नाही. रात्रभर झुंजून प्राण सोडलेल्या दोन पैलवानांची दंतकथा ज्या मूळ जागेशी जोडली जाते, ती बाल्कन युद्धांनंतर तुर्कीबाहेर गेली आणि एदिर्नेच्या सरायइची मैदानावर कुस्त्या आल्या त्या 1924 मध्ये. 2020 साली महासाथीमुळे त्या झाल्याच नाहीत. ज्याला ती मूळ जागा पाहायची आहे, त्याला एदिर्नेहून सरहद्द ओलांडून ग्रीसमध्ये जावे लागेल.