‘ही फॅशन तुमच्यासारख्यांसाठी नाही’ असं लिहिणाऱ्या हितचिंतकास

नमस्कार.

मागच्या लेखात मी कोरियन धाटणीच्या कपड्यांतले माझे फोटो टाकले होते आणि भरल्या अंगाच्या बाईला हे कपडे कसे निवडता येतात तेही लिहिलं होतं. त्यावर ‘एक हितचिंतक’ अशी सही करून तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. कोरियन फॅशन बारीक मुलींसाठीच बेतलेली असते. “ही फॅशन तुमच्यासारख्यांसाठी नाही ताई, जरा आरशात बघून कपडे घालत जा.” बॉडी कॉन्फिडन्सच्या नावाखाली मी लठ्ठपणाची भलामण करते. कोरियातल्या बायकांवर बारीक राहण्याची जी सक्ती आहे त्यावर मी गप्प बसते. आणि पुण्याच्या उन्हाळ्यात असे थरावर थर चढवून कोणी फिरत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो मला मान्य आहे. शर्टावर विणलेलं जाकीट आणि खाली जाड कापडाची घोळदार विजार हा वेश सोलच्या ऑक्टोबरमधला आहे, आपल्या एप्रिल-मेमधला नाही. त्यातून पॉलिस्टर असेल तर दुपारी बारानंतर जीव नकोसा होतो. फोटो जानेवारीतले होते, पण यापुढे प्रत्येक फोटोखाली महिना आणि कापड दोन्ही लिहीन. सूचनेबद्दल आभार.

आता त्या आरशाच्या वाक्याबद्दल. तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर वाद घालता येतो, या वाक्यावर घालता येत नाही, कारण त्यात तुम्ही मला माझी जागा दाखवून दिलीत. तुम्ही मला कधी भेटला नाहीत. माझं वय, माझं काम, माझ्या घरी कोण आहे, यातलं तुम्हाला काही ठाऊक नाही. तरी ‘ताई’ म्हणून जवळीक साधायची आणि त्याच दमात आरसा पुढे करायचा, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला? कपड्यांचा रंग चुकला, विजारीची लांबी चुकली, दोन गोष्टी एकमेकींवर जात नाहीत, असं काहीही लिहिलं असतंत तर मी आनंदाने उत्तर दिलं असतं. कपड्यावर बोलणं आणि अंगावर बोलणं यातला फरक न कळण्याइतके तुम्ही लहान नसाल.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नाहीये. शाळेच्या गॅदरिंगला मला नाचात मागच्या रांगेत उभं केलं, कारण पुढच्या रांगेचे भाड्याचे कपडे माझ्या अंगात चढले नाहीत. कॉलेजात भर उन्हात ओढणी दोन्ही खांद्यांवरून पसरून घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे. मामेबहिणीच्या लग्नाच्या खरेदीला लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो, तर सेल्समन घडी उलगडण्याआधीच म्हणाला, “तुमच्यात नाही बसणार.” मी अजून माप सांगितलेलंही नव्हतं. आई शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, “चल, साड्या बघू.” साडी मला आवडते, आजही हौसेने नेसते, पण त्या दिवशीची साडी मी निवडलेली नव्हती. ज्या बाईने हे सगळं सोसून आज रंग, घोळ आणि लांबी स्वतःच्या मनाने ठरवायला सुरुवात केली आहे, तिला तुम्ही आरशात बघायला सांगता. आरशात मी रोज बघते, आणि बघूनच घराबाहेर पडते.

पुढचं लिहिते ते केवळ माझ्या भावनेच्या जोरावर नाही. कोरियन भाषा शिकायला मी काही काळ सोलमध्ये राहिले आहे, त्यामुळे या कपड्यांची ओळख मला मालिका बघून झालेली नाही. गांगनाम स्टेशनच्या खाली कपड्यांचा भलामोठा बाजार आहे. तिथल्या एका दुकानात मी स्कर्टला हात लावला तर विक्रेतीने दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. तिकडे ‘नाही’ म्हणायची ही नेहमीची खूण आहे. घालून बघायची मुभा तर त्या बाजारातल्या बऱ्याच दुकानांत नसतेच. हे उदाहरण तुम्हाला तुमच्या बाजूचं वाटेल. पण तसं का होतं ते आधी समजून घ्या.

१९८१ साली कोरियात बायकांच्या कपड्यांची मापं ठरवली गेली. तेव्हा तरुण बाईची सरासरी उंची १५५ सेंटीमीटर आणि छाती ८५ सेंटीमीटर धरली होती. दोन्ही आकड्यांतला शेवटचा ५ घेऊन ‘५५’ हे माप तयार झालं. उंची ५ आणि छाती ३ सेंटीमीटरने वाढली की ६६, मग ७७, मग ८८. सरकारी पद्धत नंतर बदलली, लोकांच्या तोंडी मात्र आजही हेच आकडे आहेत. दुसरीकडे सोलमधला दोंगदेमूनचा कपड्यांचा घाऊक बाजार. तो रात्री उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. कापड, कटिंग, शिलाई आणि विक्री सगळं एकाच परिसरात असल्यामुळे नवी डिझाइन दोन-चार दिवसांत दुकानात लागते. गाळा वीतभर, माल सतत बदलणारा. तिथे एकेका डिझाइनची चार-चार मापं ठेवली तर न विकलेला माल गळ्यात पडतो. म्हणून एकच माप शिवायचं आणि त्याला ‘फ्री साइझ’ म्हणायचं. ते साधारण ५५ ते ६६ च्या बाईला बसतं. हा सगळा व्यापाराचा हिशोब आहे. कोणत्या बाईने काय घालावं याचा निवाडा त्यात कुठेही केलेला नाही, तो तुम्ही स्वतःच्या पदरचा घातला आहे.

आणि हा ‘फ्री साइझ’सुद्धा प्रत्येक वेळी मला नकार देतो असं नाही. तुम्ही ज्या आकाशी शर्टाच्या फोटोवर घसरलात तोच घ्या. कोरियन संकेतस्थळं कपड्याचं माप देताना तो सपाट पसरून एका बाजूचं माप देतात. त्या शर्टाच्या छातीचं माप ६३ सेंटीमीटर दिलं होतं, म्हणजे पूर्ण घेर १२६. माझी छाती ११२ आहे. १४ सेंटीमीटर सैल राहिले. शिवाय त्याची खांद्याची शिवण खांद्यावर न थांबता दंडावर उतरते, त्यामुळे मुंढा मोठा होतो आणि हात वर केला तरी कापड ताणत नाही. आपल्याकडच्या तयार टॉपमध्ये माझं घोडं नेहमी दंडात अडायचं, छातीत नाही. ही गोष्ट मला कोणत्याही दुकानदाराने सांगितली नव्हती. हातात टेप घेऊन स्वतःचेच जुने कपडे मोजले तेव्हा ती कळली. विजारींचंही तसंच आहे. पुढे दोन चुण्या, मागे इलॅस्टिक आणि सरळ खाली उतरणारा पाय. त्यात सीटचं माप बघायचं, कमरेचं नंतर. आखूड कार्डिगन माझ्या मापात तयार मिळत नाही, हेही मी लेखात लिहिलं होतं. ते मी शिंप्याकडून बगलेखाली जोड घालून वाढवून घेते. यात स्वतःची फसवणूक कुठे आहे ते मला दाखवा.

“कोरियन फॅशन बारीक मुलींसाठीच बेतलेली” असं लिहिताना तुम्ही हानबोकचा, म्हणजे कोरियाच्या पारंपरिक पोशाखाचा तरी विचार करायचा होता. त्यातला घागरा, म्हणजे ‘छिमा’, सरळ पट्ट्या जोडून आणि चुण्या घालून शिवतात आणि छातीच्या वर गुंडाळून बांधतात. वरची आखूड ‘जगोरी’ पुढून नाडीने बांधली जाते. कमर कुठे आहे, पोट किती आहे, हे त्या कपड्याला विचारावंच लागत नाही. आपली नऊवारी जशी आजीलाही बसते आणि नातीलाही, तसाच हाही पोशाख. ग्योंगबोक्गुंग राजवाड्याच्या आसपास हानबोक भाड्याने देणारी कितीतरी दुकानं आहेत, कारण हानबोक घालून गेलं की राजवाड्यात तिकीट लागत नाही. तिथल्या एका वयस्क बाईंनी माझ्याभोवती छिमा गुंडाळला, गाठ मारली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाल्या की गडद निळा तुला जास्त खुलेल, बदलून देते. माझ्या अंगाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. रंगाबद्दल बोलल्या, आणि ते अगदी बरोबर होतं. आजच्या सैल शर्टांत आणि घोळदार विजारींत मला त्याच मोकळ्या बेतण्याची आठवण येते, म्हणून ते मला जवळचे वाटतात.

राहिले दोन मुद्दे. लठ्ठपणाची भलामण: माझे रक्ताचे रिपोर्ट माझ्या डॉक्टरांकडे आहेत आणि ते तिथेच राहतील. लेखात मी कोणालाही वजन वाढवा किंवा औषध सोडा असं सांगितलेलं नाही. आज जे अंग आहे त्याला आज नीट बसणारा कपडा हवा, एवढंच सांगितलं आहे. वजन उतरेपर्यंत बाईने गोणपाट गुंडाळून बसावं अशी तुमची अपेक्षा असेल तर ती तुमच्याजवळच ठेवा.

दुसरा, कोरियातल्या बारीकपणाच्या सक्तीचा. ती आहे, कोणी नाकारत नाही, पण माझा लेख त्या विषयावर नव्हता. आणि ही सक्ती मोडायला निघालेल्या बायका कोरियनच आहेत, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. २०१८ मध्ये तिथल्या तरुणींनी मेकअपचं सामान मोडून, केस आखूड कापून त्याचे फोटो टाकले. ‘कॉर्सेट उतरवा’ या नावाने ती चळवळ ओळखली जाते. त्याआधी किम जी-यांग ही मॉडेल २०१० मध्ये अमेरिकेत मोठ्या मापांच्या फॅशन शोमध्ये चालली आणि २०१४ मध्ये तिने सोलमध्ये ‘६६१००’ नावाचं मासिक काढलं. बायकांचं ६६ आणि पुरुषांचं १०० ही दुकानांत ठरून गेलेली मापं ओलांडणाऱ्यांसाठी ते होतं. मोठ्या मापांचे बायकांचे कपडे विकणारी ‘गोंगगू वुमन’ ही कंपनी तर २०२२ मध्ये कोस्डॅक शेअर बाजारात नोंदली गेली. कोरियातच एवढं गिऱ्हाईक असताना ही फॅशन माझ्यासारख्यांसाठी नाही हे पुण्यात बसून तुम्ही कशाच्या आधारे ठरवलंत?

पुढचा लेख विजारींवर आहे. त्यात पसरट मापावरून स्वतःचं माप कसं काढायचं, सुती आणि लिननमध्ये काय मिळतं आणि शिंप्याला नेमकं काय सांगायचं ते फोटोंसह देईन. तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. तिच्याखाली काहीजणींनी आपापली मापं लिहून प्रश्न विचारले आहेत. त्यांना मी एकेक करून उत्तरं देते आहे, आणि तिथे त्यांच्यापैकी कोणाच्या अंगावर तुमचा किंवा आणखी कोणाचा शेरा दिसला, तर तो मात्र त्याच दिवशी काढून टाकीन.