वाचता येतं, पण अर्थ?

दीनी तालीम, म्हणजे धार्मिक शिक्षण, म्हणजे मुलींच्या शाळेला कुलूप, असं मुस्लिम मुलींच्या शिक्षणावरच्या एका लेखात सरसकट लिहिलंय. मी मोमिनपुऱ्यातली. एवढं सोपं नाही ते. इथे कितीतरी पोरी दिवसा शाळा आणि असरच्या (दुपार उतरतानाच्या) नमाजनंतर शिकवणाऱ्या आपांकडे कुराण, असं दोन्ही करतात. खरी अडचण पुढे आहे. नाझरा, म्हणजे अरबी पाहून वाचणं जमलं की बहुतेकींचं दीनी शिक्षण तिथेच थांबतं. अर्थापर्यंत कोणी नेतच नाही! नेलं तर कळेल: मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने द्यायची रक्कम, हा बायकोचा हक्क, तिच्या बापाचा नाही. कुराणातल्या सूरह निसा या अध्यायात वारसाहक्कात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, लेकरं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा. निम्माच का, हा वाद वेगळा. पण तेवढाही हक्कसोडपत्रावर सही घेऊन भाऊ ठेवून घेतात, तेव्हा मोहल्ल्यातले बुजुर्ग गप्प. (हिंदू घरांतही हेच चालतं, हसू नका.) पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांकडून दोन हजारांवर हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नि वागण्याच्या नोंदी, आल्या; पुरुष त्यांना मसले, म्हणजे धर्माचे प्रश्न, विचारायला येत. मग मुलींच्या मदरशाच्या कमिटीत एखादी बाई बसली तर काय बिघडतं बाप्पा? आणि आलिमाचा, म्हणजे धर्मविदुषी होण्याचा, कोर्स करणाऱ्या पोरींचे दहावी-बारावीला बाहेरून बसायचे १७ नंबरचे फॉर्म त्याच कमिटीने भरून द्यावेत. फॉर्मची तारीख निघून गेल्यावर नव्हे, वेळेत.