‘वाळवंटात सगळा हिवाळा बसून करता काय?’ : सुधीररावांना उत्तर

सुधीरराव, नमस्कार. आम्ही दोघं नवराबायको मिनेसोटाहून आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट या गावापाशी वाळवंटात हिवाळाभर राहतो, त्यावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मग दोन ओळींत उरकणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आरव्ही म्हणजे डिझेल पिणारा पांढरा हत्ती, तेवढ्या पैशात हॉटेलात उतरून अख्खं ॲरिझोना बघून होईल, क्वार्टझसाइटमध्ये बघण्यासारखं काहीही नाही, आणि वर सरकारी जमिनीवर फुकट पथारी पसरून आमच्यासारखे लोक वाळवंट घाण करतात.

बघण्यासारखं काही नाही हे एकदम मान्य! एक हाय जॉलीचं थडगं आहे, वर उंट बसवलेला दगडी पिरॅमिड. मूळ नाव चक्क हाजी अली, १८५६ मध्ये अमेरिकन लष्कराने उंट आणले त्यांच्याबरोबर आलेला उंटवाला, १९०२ मध्ये तिथेच वारला. ते अर्ध्या तासात बघून होतं. पण आम्ही तिथे फिरायला जातच नाही हो, राहायला जातो, आणि तुमचा सगळा हिशोब फिरायचा आहे. मिनेसोटात जानेवारीत उणे वीस म्हणजे रोजचंच, घराबाहेर पाऊल टाकायचं तर निसरड्या बर्फाची धास्ती, आमच्या ह्यांचे गुडघे हे असे. इकडे दिवसा साधारण वीस डिग्री, कोरडी हवा, रोज सकाळी चालणं होतं. डिझेल जातं ते येताना आणि जाताना, मधले महिने गाडी टाक्या रिकाम्या करायला आणि पाणी भरायला तेवढी हलते, किराणा-भाजीला मागे ओढून आणलेली छोटी कार असते. हां, गाडीची किंमत, विमा, टायर धरले तर हे स्वस्त अजिबात नाही, आणि स्वस्त आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

आता ‘फुकट’. सरकारी जमिनी सांभाळणारं खातं म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, त्यांची तिथे दोन प्रकारची जागा आहे. एक खरंच फुकट, पण २८ दिवसांत १४ दिवसच राहता येतं, मग गाशा गुंडाळून २५ मैल लांब जायचं. दुसरी आम्ही घेतो ती, गावाजवळच्या ला पोसाची लाँग टर्म व्हिजिटर एरिया, म्हणजे लांब मुक्कामाची जागा, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सीझनचा परवाना पैसे भरून घ्यायचा, स्टिकर काचेला लावायचा. त्यात वीज नाही, गाडीपाशी नळ नाही, ड्रेनेज नाही, फक्त एका ठिकाणी पाणी भरायची, टाकी रिकामी करायची आणि कचरा टाकायची सोय. वीज छतावरच्या सोलरची. रात्री पारा पाचच्या खाली गेला की प्रोपेनचा हीटर लावायचा.

घाण करण्याबद्दल म्हणाल तर साधं भांडी घासलेलं पाणीसुद्धा जमिनीवर ओतायला बंदी आहे. ते ग्रे टँकमध्ये जातं, संडासचं ब्लॅक टँकमध्ये, आणि दोन्हीतलं कुठलंही भरलं किंवा पिण्याचं संपलं की सगळं आवरून गाडी सुरू करून डंप स्टेशन, म्हणजे ती टाक्या रिकाम्या करायची जागा, गाठायचं. हे काम आमच्या ह्यांचं: हातमोजे, जाड पाइप, आधी ब्लॅक सोडायचा आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. ही वारी लांबवायची म्हणून मी ताटं आधी पेपर नॅपकिनने पुसून घेते, मगच घासते, आणि अंघोळ बादली-तांब्याने, शॉवर नाहीच. शेजारचे अमेरिकन आजोबा पाणी कसं पुरवता म्हणून विचारत होते, त्यांना तांब्या दाखवला, तर पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे प्लॅस्टिकचा मग आला 😀 तिथल्या जमिनीवर बारीक खड्यांचा घट्ट थर असतो, त्यावरून गाडी घातली तर चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही, म्हणून आहे त्याच वाटेने जायचं. एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर पळवायच्या छोट्या चारचाकी, घेऊन मन मानेल तशी उधळणारी मंडळीही येतात, त्यांच्याबद्दल तुमचा राग रास्त आहे, माझाही आहे.

आजारी पडलात तर काय, हा मात्र तुमचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हॉस्पिटल पार्करला, म्हणजे पस्तीसेक मैल. ओरिजिनल मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, सगळ्या राज्यांत चालतं, पण खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेजवाल्यांना बरेचदा आपल्या भागातल्या नेटवर्कचं बंधन असतं, तेव्हा निघण्याआधी फोन करून नीट विचारायचंच. ह्यांना हृदयाचा त्रास असता तर मी ला पोसाला मुळीच राहिले नसते, फीनिक्सजवळच्या एखाद्या आरव्ही पार्कमध्ये जास्त पैसे मोजून राहिले असते.

तुमच्या ताईंना यायचंय म्हणालात, तर आरव्ही विकत घ्यायच्या भानगडीत आत्ताच पडू नका म्हणावं, आधी भाड्याने घेऊन एखादा आठवडा हुकअप, म्हणजे वीज-पाणी-ड्रेनेजची जोडणी, न लावता राहून बघा. जानेवारीच्या शेवटी तिथे मोठा आरव्ही शो असतो, दोनेक हजार वस्तीच्या गावात तेव्हा चौकाचौकात रांगा, तो आठवडा टाळलेलाच बरा. आणि पावसाचं सावट असेल तर वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, गाडी लावू नका, जागा कितीही सपाट दिसली तरी.